दोन ‘युनिव्हर्सिटी कॉलेज’ आणि अर्जातला एक छोटा रकाना

‘युनिव्हर्सिटी कॉलेजला अर्ज करतोय’ असं कोणी सांगितलं, की आधी विचारावं, कुठल्या? इंग्लंडमध्ये या नावाची दोन नामांकित ठिकाणं आहेत. एक ऑक्सफर्डच्या हाय स्ट्रीटवर, दुसरं लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर. पहिल्याला तिथली मंडळी ‘युनिव्ह’ म्हणतात, दुसऱ्याला सगळं जग ‘यूसीएल’ म्हणून ओळखतं. प्रवेश दोन्हीकडे अवघड. पण एकाची माहिती वाचून दुसऱ्याची तयारी केली तर अख्खं वर्ष हातचं जाऊ शकतं, कारण या दोन अर्जांमध्ये नावापलीकडे फारच थोडं सारखं आहे.

यूसीएल हे स्वतःच एक विद्यापीठ आहे. वैद्यकापासून वास्तुकलेपर्यंत सगळं तिथे शिकवलं जातं, विद्यार्थी पन्नास हजारांच्या आसपास, आणि पदवी यूसीएलच देतं. युनिव्ह पदवी देत नाही. पदवी ऑक्सफर्ड विद्यापीठाची. युनिव्ह हे त्या विद्यापीठातल्या तीसहून अधिक कॉलेजांपैकी एक. पदवीपूर्व विद्यार्थी तिथे जेमतेम चारशे. राहणं, जेवण, ग्रंथालय आणि दर आठवड्याच्या ट्युटोरियल, म्हणजे एका शिक्षकासमोर दोन-तीन विद्यार्थ्यांनी बसून आपल्या निबंधाची किंवा सोडवलेल्या गणितांची चिरफाड करून घेणं, हे कॉलेजचं काम. व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा हे विद्यापीठाचं.

मग दोघांचं नाव एकच कसं? दोन्हींच्या मागे वेगळी गोष्ट आहे. १२४९ साली विल्यम ऑफ डरहॅम वारला तेव्हा धर्मशास्त्र शिकणाऱ्यांसाठी ३१० मार्क (तेव्हाचं पैसे मोजायचं एक परिमाण) एवढी रक्कम ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे ठेवून गेला. विद्यापीठाने त्या पैशातून घरं घेतली. विद्यापीठाच्या पैशातून उभं राहिलेलं, म्हणून ‘युनिव्हर्सिटी’ कॉलेज. (पुढे कॉलेजने स्वतःचा संस्थापक म्हणून थेट नवव्या शतकातला राजा आल्फ्रेड पुढे केला, आणि १७२७ साली न्यायालयाने ते चक्क मान्यही केलं. इतिहासात याला काडीचा आधार नाही.) लंडनची गोष्ट उलटी. १८२६ साली ही संस्था स्थापन झाली ती ‘लंडन युनिव्हर्सिटी’ या नावाने, पण पदवी देण्याचा अधिकार काही मिळेना. १८३६ साली तोडगा निघाला: परीक्षा घेऊन पदव्या देणारं ‘युनिव्हर्सिटी ऑफ लंडन’ वेगळं स्थापन झालं आणि मूळ संस्था त्याचं ‘कॉलेज’ बनली. पुढे अधिकार मिळाले, आकार प्रचंड वाढला, नावातलं ‘कॉलेज’ मात्र तसंच राहिलं. आजही यूसीएल त्या लंडन विद्यापीठाच्या संघात आहे, पण अर्ज त्या संघाकडे करायचा नसतो. किंग्ज कॉलेज आणि एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) याच संघात असूनही अर्जात त्या सरळ वेगळ्या निवडी आहेत.

एका जुन्या फरकाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १८११ साली नास्तिकतेची बाजू घेणाऱ्या पत्रकावरून युनिव्हने शेली नावाच्या विद्यार्थ्याला काढून टाकलं. पुढे तो कवी म्हणून गाजला. त्यानंतर पंधराच वर्षांनी लंडनमध्ये स्थापन झालेल्या कॉलेजने धर्माची अटच ठेवली नाही. स्त्रियांना यूसीएलने १८७८ साली पुरुषांच्या बरोबरीने पदवीसाठी घेतलं, युनिव्हने १९७९ साली. शंभर वर्षांचं अंतर!

आता अर्जाकडे. पदवीचे सगळे अर्ज ‘यूकॅस’ या एकाच यंत्रणेतून जातात. पाच निवडी करता येतात, वैद्यकासाठी चार. यूसीएल निवडलं की काम संपलं: संस्थेचा कोड यू८०, अभ्यासक्रमाचा कोड, झालं. युनिव्हचा स्वतःचा असा संस्था-कोड नाही. तिथे निवडायचं ऑक्सफर्ड, कोड ओ३३, आणि त्याखालच्या ‘कॅम्पस कोड’ नावाच्या छोट्या रकान्यात युनिव्ह. म्हणजे यूसीएल जिथे ठळक अक्षरात बसतं, तिथे युनिव्ह पोटरकान्यात. हे नीट ध्यानात घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

कारण त्या पोटरकान्याचं वजन लोकांना वाटतं त्याहून बरंच कमी आहे. कॉलेज निवडायचंच नसेल तर ‘ओपन’ अर्ज करता येतो. मग ज्या कॉलेजकडे त्या विषयाचे अर्ज तुलनेने कमी, तिथे संगणक तुम्हाला धाडतो. आणि युनिव्ह लिहिलं तरी ऑक्सफर्ड तुम्हाला दुसऱ्या कॉलेजकडे वळवू शकतं, कधी मुलाखतीआधी, कधी नंतर. जागा मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश विद्यार्थ्यांना त्यांनी न लिहिलेल्या कॉलेजकडून होकार येतो. त्यामुळे ‘कुठल्या कॉलेजात शिरकाव सोपा’ याची आकडेमोड करत रात्री जागवणाऱ्यांची मला दया येते. चांगल्या उमेदवाराला गर्दीचं कॉलेज अडवत नाही आणि कच्च्या उमेदवाराला रिकामं कॉलेज तारत नाही, अशाच हेतूने ही वाटणी केलेली आहे. कॉलेज निवडताना दोनच गोष्टी बघाव्यात: तुमचा विषय तिथे आहे का (सगळे विषय सगळ्या कॉलेजांत नसतात), आणि तिथे राहायला आवडेल का.

खरी निवड विषयाची. वास्तुकला ऑक्सफर्डमध्ये पदवीला नाहीच. यूसीएलची बार्टलेट ही वास्तुकलेची शाळा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. अर्थशास्त्र एकटं, दुसऱ्या विषयाची जोड न घेता शिकायचं असेल तर तेही यूसीएलमध्ये. ऑक्सफर्डमध्ये ते तत्त्वज्ञान-राज्यशास्त्राबरोबर, व्यवस्थापनाबरोबर किंवा इतिहासाबरोबर येतं. असं असताना आधी ‘युनिव्ह की यूसीएल’ ठरवून मग विषय शोधणं म्हणजे आधी तिकीट काढून मग गाव ठरवणं.

वेळापत्रकात लोक सगळ्यात जास्त फसतात. ऑक्सफर्डचा अर्ज १५ ऑक्टोबरला, इंग्लंडच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला बंद. यूसीएलच्या बहुतेक अभ्यासक्रमांना जानेवारीपर्यंत मुदत असते. वैद्यक मात्र तिथेही ऑक्टोबरातच. ऑक्सफर्डच्या अनेक विषयांना प्रवेश परीक्षा असते आणि तिची नोंदणी सप्टेंबरातच उरकावी लागते. ती हुकली तर अर्ज कितीही देखणा असो, उपयोग नाही. कायद्यासाठी दोन्हीकडे एलनॅट ही प्रवेश परीक्षा लागते. ती एका हंगामात एकदाच देता येते आणि तेच गुण सगळीकडे जातात. दोन्हीकडे अर्ज असेल तर ऑक्सफर्डची लवकरची मुदत पाळावी लागणार आणि यूसीएलपुढेही तेच गुण असणार, थोडं थांबून बरी तयारी करण्याची मुभा नाही.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच वर्षी दोन्ही लिहिता येत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं; तोच नियम यूसीएललाही असेल असं काहींना उगाच वाटतं. तसं काही नाही. एकाच अर्जात दोन्ही चालतात. उलट, ऑक्टोबरात अर्ज धाडून पाचांपैकी एक-दोन निवडी मोकळ्या ठेवल्या तर यूसीएल नंतरही जोडता येतं. बदलता येत नाही ते निवेदन, म्हणजे अर्जातलं ‘पर्सनल स्टेटमेंट’, स्वतःबद्दल लिहायचा मजकूर. एकदा गेलं की तेच सगळ्यांकडे जातं. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं. त्यात ‘ऑक्सफर्डच्या ट्युटोरियलची ओढ’ असं लिहिलंत की उरलेल्या चार विद्यापीठांना आपण दुय्यम आहोत हे तुम्हीच सांगून टाकलंत. विषयाबद्दल लिहावं. दोन्हीकडे तेच वाचलं जातं.

अर्ज गेल्यावर वाटा वेगळ्या होतात. ऑक्सफर्ड परीक्षेचे गुण आणि शालेय निकाल पाहून यादी आखडते. इतिहासासारख्या काही विषयांत शाळेत लिहिलेला निबंधही मागवते. मग डिसेंबरात ऑनलाइन मुलाखत. ही नोकरीची मुलाखत नव्हे. समोर एखादा आलेख, उतारा किंवा न पाहिलेलं गणित ठेवतात आणि तुम्ही मोठ्याने विचार कसा करता ते बघतात. चुकलात तर इशारा देतात, आणि तो इशारा तुम्ही कसा उचलता याला फार किंमत असते. थोडक्यात, ती एक छोटी ट्युटोरियलच. यूसीएलमध्ये वैद्यकाला मुलाखत आहे, स्लेड या कलाशाळेला कामाचे नमुने लागतात, पण कितीतरी अभ्यासक्रमांत कोणी तुमच्याशी बोलतही नाही; निर्णय कागदावरच होतो. म्हणून तिथे निवेदन आणि शाळेने वर्तवलेले गुण यांचा भार जास्त.

ऑक्सफर्डचं उत्तर जानेवारीच्या मध्याला, एकदाच, सगळ्यांना येतं. यूसीएलचं कधी आठवड्यांत, कधी थेट वसंतात. उशीर म्हणजे नकार नव्हे. सगळी उत्तरं आली की यूकॅस फक्त दोन होकार हातात ठेवू देतं: एक ‘फर्म’ (पहिली पसंती), एक ‘इन्शुरन्स’ (पहिलं हुकलं तर राखीव). इथे नावांचा घोळ नसतो, पण चूक हमखास होते. इंग्लंडच्या शाळाअखेरच्या ‘ए-लेव्हल’ परीक्षेतल्या श्रेणी धरल्या तर ऑक्सफर्डची अट विषयाप्रमाणे तीन ‘ए’ ते दोन ‘ए-स्टार’ आणि एक ‘ए’, आणि यूसीएलच्या मागणीतल्या विषयांची अटही बऱ्याचदा तिथेच घुटमळते. ऑक्सफर्ड फर्म आणि यूसीएल इन्शुरन्स ठेवलं आणि ऑगस्टमध्ये एक श्रेणी घसरली, तर दोन्ही एकदमच जातात. त्यामुळे दोन्ही होकार हातात असलेल्याला बहुतेक वेळा यांतलं एक सोडावं लागतं आणि इन्शुरन्सची जागा कमी गुण मागणाऱ्या तिसऱ्याच विद्यापीठाला द्यावी लागते.