मुंबई : नाव आणि वसाहतीचा आरंभ

कोळ्यांची ग्रामदेवता मुंबादेवी हिच्यावरून मुंबई हे नाव पडले. ‘मुंबा’ आणि ‘आई’ अशी त्याची फोड बहुतेक अभ्यासक करतात. पोर्तुगीज ‘बों बाइया’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून ‘बॉम्बे’ झाले असे अजूनही सांगतात. ते टिकत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषण ‘बोआ’ लागते. शिवाय पोर्तुगीज कागदांत नाव ‘बोंबाईं’ असे येते, आणि त्याच लोकांनी वसईचे ‘बासाईं’ केले. वसईचा अर्थ कोणी उपसागरात शोधत नाही. स्थानिक नावाच्या शेवटच्या ‘ई’ला त्यांनी दोन्हीकडे सारखाच अनुनासिक जोडला.

सोलापूरकरांना हा घोळ घरचाच आहे. सोळा गावे मिळून सोलापूर, ही फोड इथे लहानपणापासून कानावर पडते. पण शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळातील, कर्नाटकातल्या कल्याणच्या कलचुरी राजांच्या वेळचे शिलालेख ‘सोन्नलगे’ म्हणतात आणि मोहोळ तालुक्यातील कामतीचा शके १२३८ चा लेख ‘सोनलीपूर’. सोळाचा आकडा नंतर, नुसत्या उच्चारावरून चिकटला. इंग्रजांनी पुढे त्याचेही ‘शोलापूर’ केले.

गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहात वसईबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ च्या विवाह-तहाने ती पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा हिच्या हुंड्यात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे गेली. घोटाळा इथेच झाला : बंदर आणि बेट द्यायचे ठरले, पण त्यासोबत नेमका किती मुलूख, हे मोघम राहिले. इंग्रज उत्तरेचे साष्टी बेटही मागू लागले. पोर्तुगीज व्हाइसरॉयने ताबा नाकारला, आणि बेट ताब्यात घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला फौजेसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबावे लागले. तिथे रोगराईने बहुतेक शिपाई मेले. १६६४ मध्ये शिपमनही गेला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने केवळ मुंबई बेटापुरता ताबा घेतला. माहीमवरचा हक्क त्याला कराराने सोडावा लागला, पण इंग्रजांनी ते लवकरच बळकावले.

राजाला हे दूरचे बेट परवडेना. १६६८ च्या सनदेने त्याने ते वर्षाला अवघ्या १० पौंडांच्या, सोन्यात द्यायच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. सुरतेहून मुख्य ठाणे १६८७ मध्ये इकडे आले. सरकारी कागदावर ‘मुंबई’ हे नाव १९९५ मध्ये आले; मराठी माणसाच्या तोंडी दुसरे नव्हतेच.