समित्या, अहवाल आणि खान्देश

धुळ्याच्या गुलमोहर शासकीय विश्रामगृहातली १०२ क्रमांकाची खोली २१ मे २०२५ च्या रात्री उघडली आणि आतल्या नोटांची मोजणी संपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. रक्कम भरली १ कोटी ८४ लाखांच्या वर. विधिमंडळाची अंदाज समिती तेव्हा धुळ्याच्या दौऱ्यावर होती आणि ही खोली समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांच्या स्वीय सहायकाच्या नावे होती. माजी आमदार अनिल गोटे दाराला बाहेरून कुलूप ठोकून तिथेच ठाण मांडून बसले होते. समितीला देण्यासाठी ठेकेदार आणि अधिकाऱ्यांकडून गोळा केलेला हा पैसा आहे, असा त्यांचा आरोप. खोतकरांनी तो फेटाळला, हे आपल्या बदनामीचं कारस्थान आहे म्हणाले. स्वीय सहायक निलंबित झाला, मुख्यमंत्र्यांनी एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, जाहीर केली.

अंदाज समितीचं काम काय, तर सरकारी खातं पैसा काटकसरीने आणि नेमक्या कामावर खर्च करतं की नाही, हे जागेवर जाऊन पाहणं. तिच्याच मुक्कामी ही रोकड निघाली. तरीही गावात धक्का बसल्याचं फारसं जाणवलं नाही. पैसे कुणाचे यावर पैजा लागल्या असतील, पण एसआयटीचं पुढे काय होणार यावर कुणी वाद घालत नव्हतं. ‘काय व्हई? काहीच नही,’ एवढ्यात विषय संपायचा. हा सूर एका रात्रीत आलेला नाही. तो कसा तयार झाला हे पाहायचं तर मागे जावं लागतं, आणि मागे जाताना कुलूप लावणाऱ्यालाही सोडून चालत नाही. तेलगी मुद्रांक घोटाळ्यात २००३ मध्ये अटक होऊन गोटे सुमारे चार वर्षं तुरुंगात होते. बाहेर आले आणि २००९ मध्ये धुळे शहरानेच त्यांना पुन्हा आमदार केलं. आरोप करणारा आणि आरोप झेलणारा अशा दोन वेगळ्या जाती इथे कधी नव्हत्याच.

धुळेकरांच्या आठवणीतलं पहिलं मोठं प्रकरण जिल्हा परिषदेचं. नव्वदच्या सुमारास भास्कर वाघ या कर्मचाऱ्याचा कोट्यवधींचा अपहार उघडकीस आला. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९८ मध्ये झाला. म्हणजे सातपुड्याच्या पाड्यांपर्यंतचा पैसा याच तिजोरीतून जायचा. वाघला शिक्षा झाली. पण एकटा कर्मचारी वर्षानुवर्षं तिजोरी उपसतो आणि वरच्या कुणाला पत्ता लागत नाही, हे त्या वेळीही लोकांच्या गळी उतरलं नव्हतं.

राज्य सरकारवरच्या संशयाची खरी सुरुवात मात्र २००३ च्या ऑगस्टपासून धरावी लागेल. अण्णा हजारे उपोषणाला बसले ते राष्ट्रवादीच्या चार मंत्र्यांविरुद्ध: सुरेश जैन, नवाब मलिक, पद्मसिंह पाटील आणि विजयकुमार गावित. चौघांपैकी दोघे खान्देशचे, जैन जळगावचे आणि गावित नंदुरबारचे. सुशीलकुमार शिंदे सरकारने निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला, उपोषण सुटलं. अहवाल आला २३ फेब्रुवारी २००५ ला. जैन, मलिक आणि पाटील यांच्यावर ठपका, गावितांवर नाही. शिवाय खुद्द अण्णांच्या हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशातून त्यांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर झालेल्या खर्चावरही आयोगाने बोट ठेवलं. मार्चमध्ये जैन आणि मलिक मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

इथवर सगळं पुस्तकात लिहावं तसं झालं. पुढे काय झालं? जैन शिवसेनेत परतले आणि २००९ मध्ये पुन्हा जळगावचे आमदार झाले. चौकशी आयोगाचा निष्कर्ष हा न्यायालयाचा निकाल नसतो. १९५२ च्या कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल सरकारने सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायचा आणि काय कारवाई केली ते सांगायचं, एवढंच बंधन. तो स्वीकारायलाच हवा असं नाही. मंत्रीपद गेलं की प्रकरण मिटलं, असा रिवाज तिथून पडला.

गावितांची गोष्ट याहून बोलकी. २००४ ते २००९ ते आदिवासी विकासमंत्री होते. त्या पाच वर्षांतल्या खरेदीवर, म्हणजे आदिवासी शेतकऱ्यांसाठीची तेलइंजिनं आणि पाइप, गॅस संच, दुभती जनावरं यांवर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती बसली. अहवाल २०१७ मध्ये आला, कित्येक खंडांचा. वस्तू कागदावर पोचल्या आणि पाड्यावर पोचल्या नाहीत, पोचल्या त्या निकृष्ट निघाल्या, अशा अनियमितता त्यात योजनेगणिक मांडलेल्या होत्या. मग त्या अहवालाचा अभ्यास करायला करंदीकर समिती नेमली गेली. अहवालावर समिती! अधिकारी आणि पुरवठादारांवर काही गुन्हे दाखल झाले, तेही न्यायालयाने वारंवार विचारणा केल्यावर. गावित आरोप नाकारत आले आहेत. दरम्यान २०१४ मध्ये ते राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, त्यांच्या कन्या हीना गावित नंदुरबारच्या खासदार झाल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारात गावितांनी खातं घेतलं ते आदिवासी विकासाचंच.

एकनाथ खडसेंच्या बाबतीत हाच प्रवास उलट्या दिशेने झाला. मुक्ताईनगरचे खडसे २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते, मग फडणवीस सरकारात महसूलमंत्री, म्हणजे जवळजवळ दोन नंबरचे. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीतली तीन एकर जमीन कुटुंबीयांच्या नावे पावणेचार कोटींना घेतल्याचं प्रकरण निघालं आणि ४ जून २०१६ ला राजीनामा झाला. निवृत्त न्यायमूर्ती दिनकर झोटिंग यांच्या समितीने जून २०१७ अखेर अहवाल दिला. तो सभागृहापुढे आला नाही. २०२१ मध्ये तर अहवालच मंत्रालयात सापडत नसल्याच्या बातम्या आल्या, आणि मग सापडल्याच्याही.

या प्रकरणातल्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एप्रिल २०१७ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. २०१८ मध्ये त्याच विभागाने क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, दिला. खडसे तेव्हा भाजपमध्येच होते. ऑक्टोबर २०२० मध्ये ते राष्ट्रवादीत गेले, डिसेंबरात ईडीची नोटीस आली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि लाचलुचपत विभागाने बंद केलेला तपास पुन्हा उघडला. खडसे निर्दोष आहेत की नाहीत हे ठरवायला न्यायालय आहे. पण त्यांचे कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक एका बाबतीत सहमत होतील: जमीन तीच, सातबारा तोच, बदलत गेला तो पक्ष. माझ्या मते खान्देशातला अविश्वास आहे तो इथे. नेते खातात हे कुणाला नवीन नाही. चौकशीचा काटा पुराव्याने हलत नाही, सत्तेच्या जवळ-लांब असण्याने हलतो, हे लोकांनी याच प्रकरणांतून वाचलं.

सिंचनाचं तसंच. २०१२ च्या सत्तर हजार कोटींच्या सिंचन घोटाळ्याच्या आरोपांच्या गदारोळात चर्चा विदर्भ आणि कोकणाची जास्त झाली, पण तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्यालय जळगावात आहे आणि अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण इथल्या प्रत्येक निवडणुकीत निघतं. १९९७ मध्ये या निम्न तापी प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता सुमारे १४२ कोटी. त्यानंतर एकामागून एक सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मिळत गेल्या. डिसेंबर २०२३ मधल्या चौथ्या सुप्रमेचा आकडा ४,८९० कोटींवर गेला. यातली सगळी वाढ खाल्लेली नसते हे मान्य. भूसंपादनाचे दर वाढतात, लोखंड-सिमेंट महागतं, संकल्पचित्र बदलतं, आणि दरवर्षी तुटपुंजा निधी मिळाला की काम रेंगाळून खर्च आणखी फुगतो. पण कुठली वाढ कशाची हे गावकऱ्याला सांगायला कुणी येत नाही. त्याला दिसतात अर्धवट उभ्या प्रस्तंभांमधून गुजरातेकडे वाहत जाणारं पाणी आणि दर पाच वर्षांनी लागणारे फलक. पलीकडे प्रकाशा आणि सारंगखेड्याची बॅरेज बांधून झाली, पाणी अडलं, तर ते शेतात चढवणाऱ्या बावीस उपसा योजना बंद पडलेल्या. काठावरून पाणी नुसतं पाहायचं.

आधी जलसंपदा खातं सांभाळलेल्या अजित पवारांनी या आरोपांवरून सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्रिपद सोडलं, श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात ते परतले. माधव चितळे समितीचा अहवाल २०१४ चा. २७ जून २०२३ ला पंतप्रधानांनी भोपाळच्या भाषणात सत्तर हजार कोटींचा उल्लेख केला आणि २ जुलैला पवार भाजपच्या सोबतीने उपमुख्यमंत्री झाले. मधे पाच दिवस.

एवढ्या सगळ्यात शिक्षेपर्यंत पोचलेलं एक प्रकरण आहे, जळगावचं घरकुल. ते कुठल्या आयोगाने बाहेर काढलं नाही. नव्वदच्या दशकात जळगाव नगरपालिकेने हुडको या केंद्राच्या गृहकर्ज महामंडळाकडून कर्ज काढून झोपडपट्टीवासीयांसाठी ११,४२४ घरं बांधायचं ठरवलं. सतरा मजली पालिका इमारत उभी करणाऱ्या, मोठी स्वप्नं पाहणाऱ्या शहराचा तो काळ, आणि शहरात शब्द चालायचा तो सुरेश जैन यांचा. ठेका खान्देश बिल्डर्सला मिळाला. जागा ताब्यात आहे की नाही, बिनशेती परवानगी आहे की नाही हे पाहण्याआधी ठेकेदाराला बिनव्याजी मोबिलायझेशन ॲडव्हान्स, म्हणजे काम सुरू करण्यासाठीची उचल, देण्यात आला. काम रखडलं तरी दंड नाही, मुदतवाढ. पुरी झाली ती जेमतेम दीड हजार घरं. कर्ज मात्र सगळ्या शहराने फेडलं. पुढे महापालिकेची बँक खाती गोठली, पगार अडकले, आणि रस्त्यांतले खड्डे बुजवायला पैसे नाहीत असं उत्तर जळगावकरांनी बरीच वर्षं ऐकलं.

फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी थेट पोलिसांत फिर्याद दिली, २९ कोटींच्या अपहाराची. मग सहा वर्षं शांतता. २०१२ च्या मार्चमध्ये जैन यांना अटक झाली, मे महिन्यात गुलाबराव देवकर यांना, जे तेव्हा राज्यमंत्री होते. जैन साडेचार वर्षं आत होते आणि २०१४ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढवून हरली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं. जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटींचा दंड, देवकरांना पाच वर्षं, आणि उरलेल्यांत सगळ्या रंगांचे आजी-माजी नगरसेवक. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षं. त्यावरची अपिलं उच्च न्यायालयात गेली, जैन यांना जामीन मिळाला, आणि देवकर २०२४ मध्ये जळगाव ग्रामीणमधून विधानसभेला उभे राहिले. पडले, पण उभे राहिले.

महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा १९७१ चा, देशातल्या पहिल्यांपैकी एक, पण त्याखाली लोकायुक्त फक्त शिफारस करतो. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत घेणारं नवं विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि परिषदेत वर्षभराने मंजूर झालं. त्या विधेयकाची पाठ बऱ्याच सभांमधून थोपटली गेली. खान्देशाच्या अनुभवाशी जास्त संबंध असलेला बदल मात्र जुलै २०१८ मध्येच गुपचूप झाला होता. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७-अ हे कलम आलं. लोकसेवकाने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी पोलिसांनी सुरू करायची तर आधी सरकारची, किंवा त्याला पदावरून दूर करू शकणाऱ्या अधिकाऱ्याची, मंजुरी घ्यायची. गेडामांच्या फिर्यादीवर पोलिसांना अशी मंजुरी मागावी लागली नव्हती. आज पालिकेच्या एखाद्या ठरावावर तशीच फिर्याद आली, तर तपासाआधी कागद मंजुरीसाठी वर जाईल.