गप्प बसायला शिकणारे स्नायू

पाण्याने भरलेली बादली उचला आणि तो हात सरळ खाली सोडून उभे राहा. मोकळ्या हाताने बादलीच्या हाताचा दंड चाचपून पाहा. मनगट ते कोपर हा भाग टणक लागेल, कारण कडी घट्ट धरायची आहे. दंड मात्र मऊ, सैल लागेल. खांद्यावरचा गोलसर स्नायूही तसाच. आठ-दहा किलोंचे ओझे हाताला खाली खेचते आहे, तरी खांदा निखळत नाही. आणि ज्यांनी ते ओझे पेललेय असे आपण गृहीत धरले होते, ते स्नायू चक्क सुट्टीवर आहेत!

मग पेलतेय कोण? १९५९ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठात शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन बास्माजियन आणि त्यांच्या सहकाऱ्याने याचे उत्तर दिले. खांद्याच्या सांध्याची खोबण म्हणजे एक उथळ बशी. तिचे तोंड बाहेरच्या बाजूला आणि जरासे वर वळलेले असते. त्यामुळे दंडाच्या हाडाचा गोळा नुसता खाली घसरू शकत नाही. खाली जायचे तर त्याला बशीच्या उतारावरून बाहेरही सरकावे लागते. ते सरकणे रोखले की काम झाले. सांध्याच्या वरच्या बाजूचे आवरण आणि तिथले अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडे जोडणारे चिवट पट्टे, ताणले जाऊन ते रोखतात. ओझे जड असेल तर खांद्याच्या फऱ्यावरचा सुप्रास्पायनेटस नावाचा लहानसा स्नायू त्यांच्या मदतीला येतो. तो आडवा ओढतो. उभे, लांबलचक स्नायू, म्हणजे ज्यांची रचना पाहून कोणीही 'हेच वजन उचलून धरत असणार' असे म्हणेल, ते गप्प असतात.

मला या प्रयोगाचे अप्रूप वाटते ते यासाठी, की चित्र पाहून काढलेला अंदाज इथे सपशेल चुकतो, आणि शरीररचनाशास्त्र तर कित्येक शतके बव्हंशी चित्र पाहूनच अंदाज काढत आले होते. शव उघडायचे, स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो ते बघायचे, दोन टोके जवळ आली तर काय हलेल याचा तर्क करायचा आणि ते त्या स्नायूचे 'कार्य' म्हणून लिहून टाकायचे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्युशेन या डॉक्टरने एक पाऊल पुढे टाकले. जिवंत माणसाच्या त्वचेवरून विजेचा सौम्य झटका देऊन त्याने एकेक स्नायू आकुंचित केला, आणि त्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १८६७ मध्ये आला. पण झटका दिल्यावर स्नायू काय करू शकतो एवढेच कळते. माणूस पाणी पितो, जिना चढतो, नुसता उभा राहतो, तेव्हा तो स्नायू खरोखर काय करतो, हा प्रश्न वेगळा आहे. बास्माजियन यांची जवळजवळ सगळी कारकीर्द या दुसऱ्या प्रश्नामागे गेली.

त्यांचा जन्म १९२१ मध्ये इस्तंबूलचा, आर्मेनियन कुटुंबातला. लहानपणीच कुटुंब कॅनडात आले. १९४५ मध्ये टोरांटो विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि तिथेच शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. त्या विभागाचे प्रमुख जे. सी. बी. ग्रँट होते. ज्यांच्या शरीररचनेच्या अ‍ॅटलासवर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या, तेच हे ग्रँट. म्हणजे शवविच्छेदनाच्या टेबलाशी बास्माजियन यांचे वैर नव्हते. ते त्याच टेबलाशी घडलेले होते. पुढे ग्रँट यांच्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्त्याही त्यांनीच सांभाळल्या.

त्यांचे हत्यार होते इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे स्नायूतल्या विजेची नोंद. मज्जारज्जूतली किंवा मेंदूच्या बुंध्यातली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीतले सगळे स्नायुतंतू मिळून एक 'मोटर युनिट' होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या वाट्याला दहा-बारा तंतू असतात, पोटरीच्या स्नायूत हजार-दोन हजार. पेशीने हुकूम सोडला की ते सगळे तंतू एकदम आकुंचन पावतात आणि काही मिलिसेकंदांपुरती विजेची एक बारीक लहर उमटते. ती पडद्यावर दिसते. ध्वनिक्षेपकाला जोडली तर 'टक्' असा आवाजही येतो.

अडचण सुयांची होती. स्नायूत खुपसलेली जाड सुई घेऊन कोण मोकळेपणाने चालेल? १९६२ मध्ये बास्माजियन आणि त्यांच्या तंत्रज्ञाने फक्त २५ मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही बारीक अशा दोन तारांचा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला. तारा इंजेक्शनच्या सुईतून ओवायच्या, टोके बाहेर काढून मागे दुमडायची, सुई टोचायची आणि सुई तेवढी परत काढून घ्यायची. दुमडलेली टोके गळासारखी स्नायूत अडकून राहतात. काम झाले की हलकेच ओढायचे. आकडे सरळ होतात आणि तार निघून येते. माणसाला आत काही आहे याची जाणीवही फारशी राहत नाही. खोलवरच्या स्नायूंची अशी चोरून ऐकण्याची सोय झाल्यावर जुन्या समजुती एकेक करून गळायला लागल्या.

कोपर वाकवणे म्हणजे बायसेप्सचे काम, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण तळवा जमिनीकडे करून हात रिकामाच वाकवला तर बायसेप्स जवळजवळ स्वस्थ असतो. त्याच्याखाली दडलेला ब्रॅकिअ‍ॅलिस मात्र तळवा कसाही असो, राबतच असतो. मिरवायला एक आणि राबायला दुसरा!

तळपायाच्या कमानीचेही तसेच. ती स्नायूंनी तोलून धरलेली असते, असा मोठा पक्ष होता. बास्माजियन यांनी बसलेल्या माणसांच्या पायावर वरून वजन देत पाहिले. शंभर पौंड, दोनशे पौंड: स्नायू शांत. चारशे पौंडांपर्यंत गेल्यावर कुठे हालचाल सुरू झाली, तीही सगळ्यांत नाही. हाडांची रचना आणि अस्थिबंध भार घेतात. स्नायू राखीव दलासारखे, चालताना-पळताना लागतील म्हणून थांबलेले. आणि स्वस्थ पडलेल्या स्नायूतही सतत थोडी धुगधुगी चालू असते, हा पाठ्यपुस्तकी समज? निवांत स्नायूत तार घातली तर ध्वनिक्षेपकातून काहीच ऐकू येत नाही.

या सगळ्या निरीक्षणांचे त्यांनी १९६२ मध्ये 'मसल्स अलाइव्ह' हे पुस्तक केले. १९८५ पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या.

आतापर्यंतची गोष्ट रचनेची आणि कार्याची. शिकण्याची गोष्ट सुरू होते १९६३ मध्ये. त्या वर्षी 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा एक लहानसा लेख आला. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर जो मांसल उंचवटा असतो, त्यातल्या एका स्नायूत त्यांनी तारा घातल्या. समोर पडदा, कानावर आवाज. माणसाला सांगितले: अगदी हलका जोर कर आणि एकच 'टक् टक्' चालू ठेव. प्रत्येक मोटर युनिटच्या लहरीचा आकार वेगळा असतो, त्यामुळे कोण बोलतेय ते ओळखता येते. लोकांना ते थोड्या सरावात जमले. मग एक युनिट बंद करून दुसरे चालू करणेही काहींना जमले. काहींनी तर त्या एकाच युनिटवर ढोलाचे ठेके आणि घोड्याच्या दौडीचा ताल वाजवून दाखवला. पुढे पडदा आणि आवाज दोन्ही बंद केले, तरी काही जण ते करू शकत होते. कसे करता, असे विचारले तर मात्र सांगता येत नव्हते.

इथे बारकाईने पाहिले तर शिकण्याचा मोठा भाग आजूबाजूच्या युनिटांना गप्प करण्याचाच आहे. नवखा माणूस काहीही करताना नको ते दहा स्नायू आवळतो; सायकल शिकणारा हँडल कसा करकचून धरतो ते आठवा. कौशल्य येते तसे हे जादाचे आकुंचन गळत जाते, असे बास्माजियन आग्रहाने मांडत. मला वाटते, बादलीपासून अंगठ्यापर्यंत त्यांनी खरा पाठपुरावा केला तो स्नायूंच्या शांततेचाच.

त्यांच्या दाव्यांतले सगळे टिकले असे मात्र नाही. त्याच दशकात एल्वूड हेनेमन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की मोटर युनिटे ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात: आधी लहान, मग मोठी. मग माणूस हवे ते युनिट निवडतो तरी कसा? बोटाची दिशा किंवा जोर नकळत जरासा बदलून तो स्वतःलाच चकवत असेल, अशी शंका घेतली गेली, आणि ती रास्त आहे. २०२२ मध्येसुद्धा हा वाद मिटलेला नव्हता. त्या वर्षी माकडांवरच्या एका अभ्यासात मेंदूचे नियंत्रण बरेच लवचीक आढळले, तर माणसांवरच्या दुसऱ्या अभ्यासात, जोडीने चालणारी दोन युनिटे सरावानेही फारशी सुटी करता आली नाहीत.

बास्माजियन स्वतः मात्र साठच्या दशकाअखेरीसच या कुतूहलाचा उपयोग शोधायला निघाले होते. १९६९ मध्ये ते अटलांटाच्या एमरी विद्यापीठात पुनर्वसनाच्या संशोधनासाठी गेले आणि १९७७ मध्ये कॅनडात, हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात परतले. पक्षाघातानंतर अनेकांचा पाऊल वर उचलण्याचा जोर जातो. चालताना चवडा जमिनीला घासत राहतो. १९७५ मध्ये त्यांच्या गटाने अशा रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीचा व्यायाम, दुसऱ्याला व्यायामाबरोबर स्वतःच्या स्नायूचा आवाज ऐकण्याची सोय, म्हणजेच बायोफीडबॅक. दुसऱ्या गटात ताकद आणि घोट्याची हालचाल जवळपास दुपटीने सुधारली. गट लहान होते, आणि पुढच्या मोठ्या आढाव्यांत हा फायदा इतका ठळक राहिला नाही. तंत्र तरी वापरात राहिले.

या उपचारात नडगीच्या स्नायूतून आवाज यावा अशी खटपट असतेच. पण पुष्कळदा अडथळा मागे असतो: पोटरी कायमची आवळलेली, पावलाला खाली खेचणारी. मग इलेक्ट्रोड पोटरीवर लावतात. यंत्र खरखरत असते. रुग्ण श्वास सोडतो, पाय सैल टाकतो, पुन्हा प्रयत्न करतो. हळूहळू खरखर विरळ होते, एकेक 'टक्' सुटा ऐकू येऊ लागतो, आणि मग तोही थांबतो.