भीती, मेंदू आणि कला: एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

भीतीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो बऱ्याच अंशी चित्रकारांच्या गरजेतून. भ्यालेला माणूस कॅनव्हासवर दाखवायचा तर त्याच्या भुवया, डोळे, ओठ आणि मान यांची ठेवण नेमकी कशी असते, हे त्यांना माहीत असणे भाग होते. पॅरिसच्या राजेशाही चित्र-शिल्प अकादमीत शार्ल ल ब्रँ या चित्रकाराने १६६८ मध्ये मनोविकारांच्या अभिव्यक्तीवर व्याख्यान दिले, तेव्हा तत्त्वज्ञ रने देकार्तचा १६४९ मधला सिद्धान्त त्याच्या हाताशी होता. आत्म्याचे कार्य मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पिनियल ग्रंथीतून चालते, असे देकार्तचे म्हणणे होते. चेहऱ्याचा जो भाग या ग्रंथीला सर्वांत जवळचा, म्हणजे भुवया, त्यावरच मनोविकार सर्वाधिक स्पष्ट उमटणार, असे अनुमान ल ब्रँने त्यावरून काढले. शरीरशास्त्र म्हणून हे अनुमान टिकले नाही. मात्र मेंदूतली एखादी जागा आणि चेहऱ्यावरची एखादी रेषा यांचा संबंध जोडून पाहण्याची रीत त्यातून पडली, आणि पुढच्या साडेतीनशे वर्षांत संशोधकांनी ती सोडलेली नाही.

स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल स्वतः कसलेला चित्रकार होता. चेहऱ्याच्या शरीररचनेवर त्याने १८०६ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ चित्रकलेला उद्देशूनच लिहिलेला होता. चेहऱ्याच्या मज्जातंतूंवरचे त्याचे महत्त्वाचे काम त्यानंतरचे, आणि चेहऱ्याच्या एका प्रकारच्या पक्षाघाताला आजही त्याचेच नाव आहे. बेलच्या मते माणसाच्या चेहऱ्यातले काही स्नायू विधात्याने केवळ भावना व्यक्त करण्यासाठी दिलेले होते. पुढे चार्ल्स डार्विनने भावनांचा विषय हाती घेतला, त्यामागे हे मत खोडून काढणे हा एक मोठा हेतू होता.

डार्विनला पुरावा मिळाला तो पॅरिसच्या गियोम द्युशेन या डॉक्टरकडून. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथासाठी द्युशेनने एका दात पडलेल्या वृद्धाच्या चेहऱ्यावर विद्युत्-अग्रे टेकवून एकेक स्नायू वेगळा आकुंचित केला आणि त्या त्या क्षणाची छायाचित्रे घेतली. या वृद्धाच्या चेहऱ्याची संवेदना मंदावलेली असल्याने प्रयोग सुसह्य होता. जबडा खाली पडलेला, भुवया वर चढलेल्या आणि मानेवरचा पातळ, पसरट स्नायू ताणलेला, असे जे भयाचे छायाचित्र त्यातून तयार झाले, ते आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. प्रत्यक्षात तो वृद्ध त्या क्षणी मुळीच घाबरलेला नव्हता. द्युशेनचा रोख कलेकडेही होता. लाओकोऑनच्या प्रख्यात प्राचीन शिल्पातल्या कपाळावरच्या सुरकुत्या स्नायूंच्या रचनेनुसार शक्यच नाहीत, असे त्याने दाखवून दिले.

१८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डार्विनने ही छायाचित्रे वापरली, पण ती जशीच्या तशी मान्य केली नाहीत. त्याने ती वीसहून अधिक व्यक्तींना कोणतेही स्पष्टीकरण न देता दाखवली आणि या माणसाला काय वाटत असावे, असे विचारले. काही छायाचित्रांबाबत जवळपास सर्वांचे एकमत झाले, काहींबाबत उत्तरे पार विखुरली. मानेवरचा तो स्नायू खरोखर ‘भयाचा स्नायू’ म्हणावा का, याविषयीही त्याने शंका घेतली. त्याच ग्रंथात त्याने स्वतःवर केलेला एक प्रयोग नोंदवला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला चेहरा लावून, साप झेपावला तरी मागे हटायचे नाही, असा त्याने ठाम निश्चय केला होता. साप झेपावताच तो निश्चय कुठल्या कुठे गेला आणि तो थक्क करणाऱ्या वेगाने एक-दोन यार्ड मागे उडाला. धोका नाही हे बुद्धीला पुरते ठाऊक होते, तरी शरीर थांबले नाही. पुढचे शतकभर मेंदूविज्ञान ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिले, तो या एका नोंदीत पूर्ण आलेला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ मध्ये या प्रश्नाला धीट उत्तर दिले: आपण घाबरतो म्हणून पळत नाही, तर पळतो म्हणून आपल्याला भीती जाणवते, शरीरातील बदलांची जाणीव हीच भावना. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने १९२७ मध्ये त्यावर आक्षेप घेतला की हृदयाची धडधड, घाम, आतड्यांची आकुंचने हे बदल संथ असतात आणि भय, क्रोध, अगदी तापातसुद्धा बरेचसे सारखेच असतात, मग त्यांतून वेगवेगळ्या भावना कशा निर्माण होणार? त्यानंतर शोध सुरू झाला तो मेंदूतल्या जागेचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत हाइनरिख क्लूव्हर आणि पॉल ब्यूसी यांनी माकडांच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे शंखखंड, म्हणजे कानांलगतचे भाग, काढून टाकले, तेव्हा ती माकडे सापालाही निर्भयपणे हाताळू लागली. १९५६ मध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झने या बदलाचे मुख्य कारण म्हणून शंखखंडाच्या आतल्या बदामाच्या आकाराच्या लहानशा भागाकडे, म्हणजे अमिग्डालाकडे, बोट दाखवले.

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लेडू याने उंदरांवर केलेले काम हा या इतिहासातला सर्वांत रेखीव भाग आहे. एक विशिष्ट स्वर ऐकवून लगेच सौम्य विद्युत्-झटका दिला की काही वेळातच नुसत्या स्वरानेही उंदीर जागच्या जागी थिजतो आणि त्याचा रक्तदाब वाढतो. लेडूने ध्वनीच्या मार्गातला एकेक टप्पा निकामी करून पाहिला. मेंदूच्या पृष्ठभागावरचे श्रवणकेंद्र नष्ट केले तरी उंदीर स्वराला भ्यायला शिकत होता. त्याआधीचा टप्पा, म्हणजे इंद्रियांकडून आलेले संदेश पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमस या मेंदूतल्या केंद्राचा श्रवणाशी निगडित भाग, नष्ट केला की शिकत नव्हता. याचा अर्थ थॅलॅमसपासून श्रवणकेंद्राला वगळून जाणारी दुसरी वाट असली पाहिजे. मज्जातंतूंचा माग काढणारे रंजक द्रव्य वापरून त्याने ती वाट शोधली, आणि ती अमिग्डालापर्यंत पोहोचली. काय ऐकले किंवा पाहिले याचा पुरता उलगडा होण्याआधीच शरीराला सज्ज करणारी ही आखूड, ढोबळ वाट, आणि तिच्या जोडीला तपशील पारखणारी लांबची वाट. डार्विनची ती मागची उडी या चित्रात चपखल बसते.

माणसाबाबतचे सर्वांत बोलके पुरावे एका स्त्रीकडून मिळाले. संशोधनात ती केवळ ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराने तिचा दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालेला आहे. राल्फ अडॉल्फ्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की इतरांच्या चेहऱ्यावरची भीती तिला ओळखता येत नाही. तिला चित्रकलेची जाण होती, म्हणून निरनिराळ्या भावनांचे चेहरे काढायला सांगितले असता आनंद, दुःख, आश्चर्य, क्रोध तिने व्यवस्थित काढले. भीतीपाशी मात्र ती अडली. भ्यालेला चेहरा कसा दिसतो हे आपल्याला ठाऊक नाही, असे सांगून तिने अखेर रांगणारे एक बाळ काढले. २००५ मध्ये उलगडले की चेहरा पाहताना ती डोळ्यांकडे पाहतच नाही. डोळ्यांकडे पाहा, असे स्पष्ट सांगितले की तिला भीती ओळखू येत असे, पण ती सूचना थांबली की पुन्हा पूर्ववत. भयाच्या चित्रणात चित्रकारांनी विस्फारलेल्या डोळ्यांना जे महत्त्व शतकानुशतके दिले, त्याला याहून थेट दाखला मला दिसत नाही.

कलेच्या दृष्टीने मला तिची २०११ मधली नोंद अधिक मोलाची वाटते. भुताटकीचा देखावा उभारलेल्या इमारतीत ती सर्वांच्या पुढे चालत राहिली, आणि तिथल्या एका राक्षसवेषधारी नटाला बोटाने ढोसून तिनेच त्याला दचकवले. भयपटांतील दृश्ये पाहताना तिला भीती वाटली नाही, तरी ती त्यांत रंगून गेली आणि त्यांतल्या एका चित्रपटाचे नाव तिने विचारून घेतले. दोनच वर्षांनी मात्र या चित्राला छेद गेला. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासात घ्यायला दिली तेव्हा तिला आणि तशाच विकाराच्या जुळ्या बहिणींना तीव्र घबराट झाली. अमिग्डाला नसतानाही आतून, श्वासातून आलेली भीती त्यांनी अनुभवली. अमिग्डाला म्हणजे ‘भीतीचे केंद्र’ हे सोपे समीकरण इथे मोडले, तरी लोकप्रिय लेखनात ते अजून बिनदिक्कत वापरले जाते.

लेडूने स्वतःही नंतर आपली मांडणी बदलली. धोका ओळखून शरीराला सज्ज करणारी यंत्रणा वेगळी आणि ‘मी घाबरलो आहे’ हा जाणिवेतला अनुभव वेगळा. उंदराच्या थिजण्यावरून पहिलीविषयी बोलता येते, दुसऱ्याविषयी नाही, असे तो गेल्या दशकात आग्रहाने मांडू लागला. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेटने त्याही पुढे जाऊन भावना ही पूर्वानुभव आणि संकल्पना यांच्या आधारे मेंदूने त्या त्या क्षणी केलेली रचना आहे, असे म्हटले. हा वाद मिटलेला नाही. पण यंत्रणा आणि अनुभव यांतली ही फारकत मान्य केली की कलेतली भीती कोडे राहत नाही, ती अभ्यासाची हक्काची जागा ठरते.

कारण कलेच्या विचारवंतांनी ही फारकत आधीच ओळखली होती. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्ये लिहिले की धोका फार जवळ आला तर तो केवळ भयंकर असतो, काही अंतरावरून तोच आनंद देऊ शकतो. त्याच्या सात शतके आधी काश्मिरी आचार्य अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रातल्या रससूत्राची चिकित्सा करताना ही गोष्ट अधिक सूक्ष्मतेने सांगितली होती. त्याने उदाहरण घेतले ते कालिदासाच्या नाटकातल्या हरणाचे: मान वळवून पाठलाग करणाऱ्या रथाकडे पुन्हा पुन्हा पाहणारे, बाण लागेल या भयाने मागचे अंग पुढच्या अंगात ओढून घेणारे, धापेने उघडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडणारे. हा श्लोक ऐकताना सहृदयाला जे भय प्रतीत होते, ते ‘मी भ्यालो’ असे नसते, ‘तो भ्याला’ असेही नसते. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या बंधनांतून सुटलेले ते निव्वळ भय असते, असे तो म्हणतो. प्रसंग स्वतःवर ओढवलेला नाही हे भान कायम ठेवून भावाची तीव्रता अनुभवणे, ही अवस्था आजच्या संशोधकालाही प्रयोगात पकडायला जड जाते.

मेंदूविज्ञान कलेकडे उघडपणे वळले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. सेमिर झेकीने दृष्टीच्या अभ्यासातून आणि विलायनूर रामचंद्रन व विल्यम हर्स्टाइन यांनी १९९९ च्या निबंधातून त्याची पायाभरणी केली. रामचंद्रन यांनी तर रसाची कल्पना थेट आपल्या मांडणीत घेतली. त्या काळात कलेचे नियम मेंदूच्या प्रतिमांतून वाचता येतील, असा उत्साह फार होता आणि तो बराचसा अवाजवी होता, असे मला वाटते. त्यातून टिकाऊ काही आले ते मर्यादित प्रश्न विचारणाऱ्या प्रयोगांतून. २००१ मध्ये ॲन ब्लड आणि रॉबर्ट झाटोरे यांना आढळले की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा सुखाशी निगडित भागांतला रक्तप्रवाह वाढतो आणि अमिग्डालातला घटतो. २०१५ मध्ये किंकाळ्यांचा अभ्यास झाला. सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा होणारा आवाजाच्या तीव्रतेतला चढउतार किंकाळीला तिचा खरखरीतपणा देतो, अमिग्डाला नेमक्या याच गुणाला प्रतिसाद देतो, आणि धोक्याची सूचना देणाऱ्या कृत्रिम भोंग्यांतही हाच खरखरीतपणा वापरलेला असतो, असे त्यात दिसले.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ११० जणांना हृदयगती मोजणारी उपकरणे बांधून भुताटकीच्या देखाव्यातून नेले. भीती फार कमी वाटली तेव्हा मजा आली नाही, फार वाटली तेव्हाही आली नाही. सर्वाधिक आनंद मधल्या पट्ट्यात होता, आणि हृदयगतीतल्या बारीक चढउतारांचेही आनंदाशी तसेच नाते दिसले. बर्कच्या ‘अंतरा’ला इथे प्रथमच मोजता येण्याजोगे रूप मिळाले. उपकरणांनी हृदयाचे ठोके नोंदवले, पण भीती किती वाटली आणि आनंद किती झाला, हे त्या ११० जणांना विचारूनच घ्यावे लागले.