मराठवाड्यातून घाट-कोकण रेल्वेप्रवास

मराठवाड्याच्या पठारावरून आगगाडीने निघून सह्याद्रीचा घाट उतरणे आणि पुढे कोकणपट्टीतून जाणे, असा हा प्रवास आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे डोंगर, दऱ्या, बोगदे आणि खाड्या एकाच फेरीत पाहायच्या तर इथल्या माणसाला एक रात्र तरी गाडीत काढावी लागते. बहुतेक लोक लग्नकार्य, नोकरी किंवा दवाखाना अशा कारणांनी मुंबई-पुण्याला जातात आणि घाट त्यांना वाटेत लागतो. निव्वळ घाट बघायला निघणारे अलीकडे, मुख्यतः पावसाळ्यात, वाढले आहेत.

पठार आणि घाट एकाच दगडाचे आहेत. वेरूळची लेणी ज्या काळ्या बसाल्टमध्ये कोरली, तोच बसाल्ट फोडून घाटातले बोगदे काढले. फरक उताराचा आहे. गोदावरी खोऱ्यातला मार्ग सपाटीवरचा आहे. निजामाच्या रेल्वेने हैदराबाद ते मनमाड ही मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतराची) लाइन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू केली ती धान्य, कापूस आणि लष्कर यांच्या सोयीसाठी. देखाव्याचा विचार करून ती कोणी आखली नव्हती. तरी दौलताबादजवळ देवगिरीचा किल्ला खिडकीतून चांगला दिसतो आणि मनमाडच्या अलीकडे अंकाई-टंकाई किल्ल्यांची जोडी व अंगठ्यासारखा उभा राहिलेला हडबीच्या शेंडीचा सुळका येतो. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला आणि मनमाडला गाडी बदलण्याचा त्रास संपला.

या प्रवासात खरा प्रश्न वेळेचा असतो. देवगिरी एक्सप्रेस ही मुंबईला जाणाऱ्यांची आवडती गाडी, पण कसाऱ्याचा घाट ती अंधारात उतरते. प्रवासी कल्याणला जागा होतो आणि घाट झाला का असे विचारतो. घाट बघायचा तर मुंबईहून पहाटे सुटणारी, नांदेडकडे येणारी तपोवन एक्सप्रेस बरी. कसारा-इगतपुरी (थळ) घाट १८६५ पासून वाहतुकीत आहे. त्याची चढण ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे ब्रॉडगेजच्या मानाने फारच तीव्र. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. त्यांना सगळे ‘बँकर’ म्हणतात. ती लागताना डब्याला हलका धक्का बसतो, कपातला चहा हिंदकळतो आणि अनुभवी प्रवासी बसल्या जागेवरून सांगतो, ‘बँकर लागला.’ इगतपुरीला ती काढून घेतात. जालना-मुंबई वंदे भारत २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. तिच्या डब्यांतच ओढणाऱ्या विजेच्या मोटारी असल्याने तिला बँकर लागत नाही. तिच्या बंद काचेतून घाट दिसतो, पण घाटाचा वारा लागत नाही, ही तक्रार रास्त आहे.

दक्षिणेकडून जायचे तर नांदेड-पनवेल गाडी. परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी, पुणे या वाटेने ती जाते. संध्याकाळी निघते, त्यामुळे गंगाखेडचा गोदावरी पूल आणि येडशीकडचा बालाघाट रात्रीतच मागे पडतो. गंगाखेडला पुलाचा आवाज सुरू झाला की म्हाताऱ्या बायका खिडकीतून नाणे टाकून हात जोडतात. नदी दिसत नसली तरी चालते. लातूर-कुर्डुवाडी हा तुकडा पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी नॅरोगेजचा होता; २००७-०८ च्या सुमारास तो रुंद झाला, म्हणूनच ही गाडी शक्य झाली. बोरघाट मात्र सकाळच्या उजेडात लागतो. खंडाळा ते कर्जत हा उतारही ३७ ला १ असाच. १८६३ साली तो खुला झाला तेव्हा गाडीला मध्ये थांबून उलट्या दिशेने निघावे लागे. तो रिव्हर्सिंग टप्पा १९२९ मध्ये गेला. उतरणीवर गाडी ब्रेक तपासण्यासाठी थांबते आणि नंतर सावकाश सरकते. ब्रेक निकामी झाल्यास गाडी चढावर वळवून थोपवणाऱ्या ‘कॅच सायडिंग’चे फाटे बाजूला दिसतात. कर्जतला वडापाव घेणे हा रिवाजच आहे, मग घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी शिल्लक असली तरी.

कोकणासाठी पनवेलला बहुधा गाडी बदलावी लागते. रोह्यापासून दक्षिणेला कोकण रेल्वे सुरू होते. अभियंते ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला. सुमारे ७४० किलोमीटरांत नव्वदहून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. जाताना सह्याद्री डाव्या हाताला राहतो. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठवाडी माणसाची एक निराशा ठरलेली असते: महाराष्ट्राच्या हद्दीत या गाडीतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. दिसतात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांची रुंद पात्रे आणि जांभ्याच्या लाल कटिंगी. समुद्र हवा तर रत्नागिरीला उतरून पुढे जायचे.

पावसाळ्यात धबधबे असतात, पण दरडीही असतात. त्या काळात कोकण रेल्वे वेगळे वेळापत्रक लावते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवते. बोरघाटात दरड कोसळली तर पनवेल गाडी पुण्याहूनच परत फिरू शकते. निघण्याआधी गाडीची स्थिती पाहणे म्हणजे पंचांग पाहण्याइतकेच आवश्यक.

ज्यांना जंगल हवे आणि खाडी नसली तरी चालेल, त्यांनी एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. पूर्णेहून अकोल्यामार्गे खांडव्याकडे जाणारी मीटरगेज पूर्वी मेळघाटातून जाई; धुळघाटला लोहमार्ग स्वतःभोवतीच वेढा घेऊन चढत असे. तो भाग रुंद करण्याऐवजी व्याघ्र प्रकल्पाबाहेरून वळवण्याचे ठरले, आणि ते योग्यच झाले. मुदखेड-किनवट-आदिलाबाद मार्ग मात्र चालू आहे. भोकर सोडले की शेते विरळ होतात आणि सागाचे जंगल सुरू होते. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा इस्लापूरहून जवळ आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे तो पाहण्यासारखा असतो. उन्हाळ्यात तिथे नुसता कातळ असतो. सगळ्याच एक्सप्रेस इस्लापूरला थांबत नाहीत, तेव्हा थांबा आधी पाहून तिकीट काढावे.