होमोव्हॅनिलिक आम्ल आणि स्नायूंचे झटके

डोपामीन हे मेंदूत निरोप पोहोचवणारे रसायन. त्याचे काम संपले की दोन विकरे (मोनोअमाइन ऑक्सिडेज आणि कॅटेकॉल-ओ-मिथिल ट्रान्स्फरेज) त्याचे विघटन करतात. शेवटी उरते ते होमोव्हॅनिलिक आम्ल, म्हणजे एचव्हीए. ते लघवीवाटे बाहेर जाते. स्नायू क्षणभर आपोआप आखडून अंगाला जो झटका बसतो त्याला मायोक्लोनस म्हणतात. झोप लागताना अंग दचकते, तो याचाच निरुपद्रवी प्रकार.

एचव्हीएमुळे झटके येत नाहीत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ते केवळ डोपामीनच्या उलाढालीची खूण आहे. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांत डोपामीनच कमी तयार होते, मेरुद्रवातले (मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातले) एचव्हीए घटते आणि काहींना झटकेही येतात; त्यांना लेव्होडोपा, म्हणजे शरीरात ज्याचे डोपामीन बनते ते औषध, देतात. उलट पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा जास्त झाला, तरी हातपाय आपोआप हलू लागतात. खाजकुहिलीच्या बियांत हाच लेव्होडोपा असतो, म्हणून त्या बियांचे चूर्ण घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. प्राणवायू तुटून मेंदूला इजा झाल्यावर येणारे झटके मात्र (लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी १९६३ मध्ये वर्णन केलेले) मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाशी जोडले जातात.

हा संबंध सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो लहान मुलांत. चालते-बोलते मूल अचानक लडखडू लागते, अंगाला झटके बसतात, डोळे सैरावैरा नाचतात. अशा सुमारे निम्म्या मुलांच्या छातीत किंवा पोटात न्यूरोब्लास्टोमाची (मज्जापेशींपासून होणाऱ्या लहान मुलांतल्या कर्करोगाची) गाठ सापडते. गाठीविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती मेंदूवरही उलटते, त्यातून झटके येतात. गाठीच्या पेशी डोपामीन बनवतात, म्हणून लघवीतले एचव्हीए तपासतात.

खानदेशात ही तपासणी करताना एक गोष्ट आवर्जून विचारावी: मुलाने केळी खाल्ली का? रावेर-यावल पट्ट्यात, मृगबाग असो की कांदेबाग (केळीच्या लागवडीचे दोन हंगाम), घरात घड असतोच आणि आजारी लेकराच्या हाती पहिले केळेच दिले जाते. केळ्याच्या गरात ग्रॅममागे सुमारे ८ मायक्रोग्रॅम डोपामीन असते, सालीत सुमारे ७००. साल काळी पडते तीही त्याच्याच ऑक्सिडीकरणाने. हे डोपामीन रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्यामुळे केळ्याने झटके येण्याची भीती नको. पण शरीरात त्याचेही एचव्हीए होते आणि लघवीतला आकडा फुगतो. म्हणून नमुन्याआधी दोन-तीन दिवस केळी बंद ठेवतात. प्रयोगशाळेने सांगितले नसले तरी पालकांनी विचारून घ्यावे.

केळी बंद ठेवून एचव्हीए सामान्य आले, तरी गाठ नाही असे धरता येत नाही. झटके येणाऱ्या मुलांत ती बहुधा लहान असते आणि आम्ल वाढवण्याइतके डोपामीन बनवत नाही. अशा वेळी छाती आणि पोटाचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावाच लागतो.