नाण्यांचा लिलाव (मुंबई)

जुनी व दुर्मिळ नाणी चढत्या बोलीने विकण्याची पद्धत. मुंबईत तोडीवाला ऑक्शन्स, ओसवाल अँटिक्स, राजगोर्स ऑक्शन्स यांसारख्या संस्था छायाचित्रांसह सूची काढून असे लिलाव भरवतात. सूचीतल्या प्रत्येक नाण्याला किंवा नाण्यांच्या जुडीला ‘लॉट’ म्हणतात आणि त्यापुढे अंदाजी किंमत छापलेली असते. बोली सभागृहात पाटी वर करून, आधी लेखी कळवून किंवा ऑनलाइन लावता येते.

या व्यवसायाला मुंबईत आयतीच जमीन मिळाली. फोर्टातली टांकसाळ १८२९ सालची. झवेरी बाजारात घरोघरचे जुने सोने-चांदी मोडीला येई आणि त्यात मोहरा, रुपये, पुतळ्या असत. मोड वजनावर घेतली जाते, संग्राहक मात्र साल, टांकसाळ आणि स्थिती यांचे पैसे मोजतो. या दोन भावांमधल्या फरकावर नाण्यांचे व्यापारी उभे राहिले.

लिलावाचा खरा निकाल बहुतेकदा हातोडा पडण्याआधी, नाणी पाहायला ठेवतात त्या टेबलावरच लागतो. जाणता गिऱ्हाईक नाणे कडेने धरतो, पृष्ठभागाला बोट लावत नाही. भिंगाखाली प्रथम कड पाहतो: ओतीव नकलेला कडेवर सांध्याची रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात. मग वजन. राणीछाप किंवा राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजेने थोडा उतरणार हे धरून चालावे, पण सुबक दिसणारा रुपया दहा ग्रॅम भरला तर तो खाली ठेवावा. आपल्याकडे रुपये आणि मोहरा माळेत ओवण्याची चाल असल्याने वरच्या कडेला कडी जोडल्याची खूणही शोधावी लागते. ती सफाईने घासलेली असली तरी त्या जागची किनार सपाट दिसते आणि भाव पडतो. चिंच लावून लखलखीत केलेल्या नाण्याचेही तेच. घरच्यांना ते सुंदर वाटते, संग्राहकाला वर्षानुवर्षे चढलेला काळसर थर गेल्याचे दुःख होते.

सर्वाधिक फसगत परिचित नाण्यांत होते. शिवछत्रपतींची तांब्याची शिवराई, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’, पुढेही दीर्घकाळ पाडली जात राहिली. पेशवाईतल्या दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या, शिवराया मुबलक आहेत. त्यांना ‘शिवकालीन’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे दुर्लक्ष करणे बरे. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन मात्र अतिदुर्मिळ. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. हा ‘डुक्करछाप’ रुपया गोष्टीमुळेच बोलीत रंग भरतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया विरळा असल्याने त्यावरचा आकडा कोरून बदलला नाही ना, हे पाहिल्याशिवाय कोणी बोली चढवत नाही. टांकसाळीने जुन्या ठशांवरून पुन्हा पाडलेली नाणीही विक्रीला येतात. ती खोटी नसतात, पण मूळ नाण्याच्या भावाची नव्हेत.

बोलीची वाढ ठरीव टप्प्यांनी होते. समजा, लेखी बोली जास्तीत जास्त १०,००० रुपयांची आहे, इतरांतली सर्वांत वरची ७,००० आणि टप्पा ५०० चा. तर लॉट सर्वसाधारणपणे ७,५०० ला मिळतो, दहा हजारांना नाही. दोन लेखी बोली सारख्या असतील तर बहुधा आधी पोचलेली धरतात. मात्र हातोड्याची किंमत म्हणजे बिल नव्हे. त्यावर संस्थेचे खरेदीदाराकडून घ्यायचे अधिमूल्य आणि जीएसटी चढतो. अधिमूल्य १५ टक्के मानले, तर ८,००० ला पडलेला लॉट करापूर्वीच ९,२०० चा होतो. नवखा माणूस आपली मर्यादा हातोड्याच्या भावात ठरवतो आणि तिथेच चुकतो. विक्रेत्याने किमान भाव राखून ठेवला असेल, तर बोली लागूनही लॉट परत जाऊ शकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते निर्यात करता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक मुंबईच्या सभागृहात बोली लावायला बिचकतो तो यामुळे. जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक. शेतात सापडलेला हंडा परस्पर लिलावात आणता येत नाही.

लिलावसंस्थांकडे रोज चौकशी येते ती भलत्याच नाण्यांची. रामदरबार व ‘१८१८’ असे साल असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. वैष्णोदेवीची छबी असलेले पाच-दहा रुपयांचे चलनी नाणे लाखाला विकले जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावावर जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आधी शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचे पत्रक बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये काढले. बँकेचे नाणेसंग्रहालय फोर्टातच आहे. लिलावाला जाण्याआधी तिथे तासभर घालवला, तर अस्सल नाणे कसे दिसते हे डोळ्यांत बसते.